शेकडा साडेतीन आणि दहा टक्के सूट

नोकरी लागली, पगाराचं खातं उघडलं, की मोबाईलवर दोन प्रकारचे फोन सुरू होतात. पहिला प्रकार नातेवाइकांचा. "पॅकेज किती रे? पुण्याला का हैदराबादला?" दुसरा प्रकार अनोळखी नंबरचा. "सर, आपका प्री-अप्रूव्ड कार्ड तयार है, सिर्फ दो मिनट लगेंगे." आणि हल्ली साधं क्रेडिट कार्ड तर कुणी विकतच नाही. कुणी विमानाच्या मैलांचं विकतो, कुणी पेट्रोलचं. या सगळ्यात झगमगीत म्हणजे हॉटेलचं कार्ड! 'वर्षाला एक रात्र फुकट', 'रूमवर १० टक्के सूट', 'पॉइंट जमवा, फाइव्ह स्टारमध्ये राहा'.

नांदेड-लातूरकडच्या पोराला हे ऐकून आधी भारी वाटतं. मग जरा वेळानं वाटतं, इतकं फुकट कोण कशाला देईल? हा लेख या दुसऱ्या शंकेबद्दल आहे. हॉटेलच्या कार्डावरची सूट खरंच परवडते का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. काही थोड्या लोकांना ती परवडते, आणि ते लोक कोण हे साध्या गणितानं ठरवता येतं. आपल्यातल्या बहुतेकांना नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ती परवडत नाही. का ते पुढे मांडतो. पटलं नाही तर कॅन्टीनला भेटा, चहा माझ्याकडून (रोख, कार्डावर नाही).

ही कार्डं मुळात कुणासाठी?

थोडा इतिहास पाहू. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीनं नेहमी विमानानं फिरणाऱ्यांसाठी मैल जमवायची योजना काढली. दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेल कंपन्यांनीही आपापल्या योजना सुरू केल्या. या योजनांचं खास गिऱ्हाईक कोण होतं? कंपनीच्या कामानं महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी असणारा माणूस. हॉटेल तो निवडणार, बिल त्याची कंपनी भरणार, आणि पॉइंट मात्र त्याच्या नावावर जमा होणार. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं, आणि पुण्य आपल्या खात्यावर! अशा माणसाला एकाच कंपनीच्या हॉटेलात परत परत आणायला याहून चांगली युक्ती नाही.

पुढे या योजनांना क्रेडिट कार्ड जोडलं गेलं. आपल्या देशातलं अलीकडचं ठळक उदाहरण म्हणजे ऑगस्ट २०२३ मध्ये एचडीएफसी बँक आणि मॅरियट यांनी मिळून काढलेलं कार्ड. आलं तेव्हा त्याची वार्षिक फी ३,००० रुपये अधिक जीएसटी होती. बदल्यात एक रात्र मोफत, पण १५,००० पॉइंटपर्यंत किंमत असलेल्या खोलीत. खर्चावरचे पॉइंट असे होते: मॅरियटच्या हॉटेलात दर १५० रुपयांना ८, प्रवास आणि बाहेर जेवण अशा खर्चावर दर १५० रुपयांना ४, आणि बाकीच्या खर्चावर २.

आता आपण इंजिनिअरिंगची पोरं, कॅल्क्युलेटर काढा. किराणा, रिचार्ज, कपडे असा साधा खर्च करून आणखी एका रात्रीचे १५,००० पॉइंट जमवायचे तर किती खर्च करावा लागेल? १५,००० भागिले २, गुणिले १५०. उत्तर येतं ११ लाख २५ हजार रुपये. नवीन नोकरीला लागलेल्या आपल्यातल्या किती जणांचा दोन वर्षांचा पगार तरी एवढा असेल? तेही एका रात्रीसाठी.

याचा अर्थ हे कार्ड वाईट आहे असा नाही. ज्याचं महिन्याला लाखभराचं हॉटेल बिल कंपनी भरते, त्याला ८ च्या दरानं पॉइंट मिळतात, आणि त्याच्यासाठी हाच हिशोब एकदम वेगळा येतो. कार्ड त्याच्या मापाचं शिवलंय. आपण ते घातलं तर बाह्या लोंबणारच.

डेटम कुठं धरायचा?

पोटेन्शियल एनर्जी काढताना सर पहिला प्रश्न काय विचारतात? "डेटम कुठं धरलाय?" उंची कशापासून मोजली हे सांगितल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही. सवलतीचंही अगदी तसंच आहे. 'तुम्ही ५०० रुपये वाचवले' असं कार्ड सांगतं, तेव्हा ते हॉटेलच्या छापील दरापासून मोजत असतं. तो त्यांचा डेटम. तुमचा डेटम वेगळा आहे. तो म्हणजे कार्ड नसतं तर तुम्ही एरवी किती दिले असते?

समजा वार्षिक फी ३,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ५४०, म्हणजे झाले ३,५४०. सूट १० टक्के, आणि खोली ५,००० रुपयांची. दर रात्री ५०० वाचतात असं धरलं तर फी वसूल व्हायला आठ रात्री लागतात. वर्षात आठ रात्री म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण थांबा. तुम्ही चौघं मित्र गोव्याला जाता तेव्हा एरवी कुठं उतरता? कळंगुटच्या मागच्या गल्लीत समजा २,००० रुपयांच्या खोलीत. आता कार्ड आहे म्हणून ५,००० च्या खोलीचे सूट जाऊन ४,५०० दिले. कार्ड म्हणतं ५०० वाचले. तुमच्या डेटमपासून मोजलं तर २,५०० जास्त गेले. अशा आठ रात्री काढल्या तर कार्डाच्या हिशोबात ४,००० वाचले आणि खिशाच्या हिशोबात २०,००० वाढले, वर फी वेगळी.

फुकट रात्रीचंही तेच. हॉटेल म्हणेल तिची किंमत ८,००० आहे. तुम्ही एरवी २,००० च्या खोलीत राहिला असता, तर तुमच्यासाठी ती २,००० चीच आहे. फार तर चैनीची हौस धरून ३,००० म्हणा. ती मिळवायला फी दिली ३,५४०. शिवाय अशा हॉटेलात चहासुद्धा चहाच्या भावात मिळत नाही, आणि बाहेर जाऊन पोहे खाऊन यावं म्हटलं तर हॉटेल गावाबाहेर!

म्हणून माझा पहिला नियम: सूट फक्त त्या खर्चावर मोजायची, जो तुम्ही कार्ड नसतानाही केलाच असता. बाकीची सूट म्हणजे खर्चाचं आमंत्रण.

सूट कधी मिळते, यावरही पैसे ठरतात

ही गोष्ट फार कमी लोक बघतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर रात्री ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. त्याच्या वरच्या खोलीवर १८ टक्के. आणि कर लागतो तो प्रत्यक्ष बिलातल्या दरावर.

समजा घरी लग्न आहे, आणि पाहुण्यांसाठी ८,००० ची खोली घ्यायचीच आहे. हॉटेलनं काउंटरवरच १० टक्के सूट देऊन दर ७,२०० लावला, तर कर ५ टक्के, म्हणजे ३६०. एकूण ७,५६०. पण तीच १० टक्के सूट 'कॅशबॅक' म्हणून महिन्याभरानं कार्डावर येणार असेल, तर बिल ८,००० चंच होतं. कर १८ टक्के, १,४४०. एकूण ९,४४०. त्यातून ८०० परत आले तरी ८,६४० पडले. सूट दोन्हीकडे '१० टक्के'च, आणि फरक १,०८० रुपयांचा! जाहिरातीत आकडा तोच असतो. तो बिलाच्या कुठल्या ओळीत बसतो, हे मात्र आपल्यालाच बघावं लागतं.

शेकडा साडेतीन

आता मुख्य मुद्द्यावर येतो. वरचं सगळं गणित बिल वेळेवर आणि पूर्ण भरलं असं धरून केलंय. तसं नाही भरलं तर?

गावाकडं व्याज कसं सांगतात ते आपल्याला ठाऊक आहे. 'शेकडा दोन रुपये', 'शेकडा तीन रुपये'. म्हणजे शंभराला महिन्याला तीन रुपये. शेकडा तीन म्हटलं की आजोबांचा चेहरा बदलतो, कारण त्या दरानं कुणाची जमीन गेली हे त्यांनी बघितलेलं असतं. महाराष्ट्रात सावकारीसाठी २०१४ चा नियमन कायदा आहे. त्याखाली ठरलेल्या दरांनुसार परवानाधारक सावकाराला शेतकरी नसलेल्या माणसाकडून, तारण नसलेल्या कर्जावरसुद्धा, वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. म्हणजे शेकडा दीड.

क्रेडिट कार्डाचा दर किती असतो? बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. शेकडा साडेतीन! वर्षाचे झाले ४२ टक्के. शिवाय या व्याजावर १८ टक्के जीएसटी. तो धरला तर शेकडा चार रुपये तेरा पैसे पडतात. सावकारीचा कायदा बँकांना लागू नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ साली कार्डावर ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असं म्हटलं होतं. पण सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. म्हणजे ती ३० टक्क्यांची मर्यादाही उरली नाही.

आता हॉटेलच्या सुटीजवळ हे ठेवून बघा. २०,००० चं बिल, १० टक्के सूट, म्हणजे २,००० वाचले. कार्डावर १८,००० देणं राहिलं. महिनाअखेर बहिणीची फी आली किंवा रूमचं डिपॉझिट भरावं लागलं, म्हणून ते थकलं. एका महिन्याचं व्याज ६३० आणि त्यावर कर ११३, मिळून ७४३. दुसऱ्या महिन्यात तेवढंच, तिसऱ्या महिन्यात तेवढंच. तीन महिन्यांत २,२०० च्या वर गेले. सूट संपली आणि आता आपण खिशातून भरतोय. आणि हे सरळव्याजानं झालं, चक्रवाढ तर मी धरलंच नाही.

इथं 'किमान रक्कम भरा' नावाची एक गोड ओळ बिलावर असते. समजा किमान रक्कम ९०० आली आणि आपण ती इमानदारीत भरली. त्यातले ७४३ व्याजात आणि करात गेले. मुद्दल कमी झालं १५७ रुपयांनी. १८,००० मधून १५७! ऊस गेला आणि चिपाडं मोजत बसलो, असा प्रकार.

आणखी एक अडचण. मागचं बिल थकलं असेल, तर नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदतही जाते. खरेदीच्या दिवसापासून व्याजाचं मीटर सुरू होतं. मग त्या महिन्यात कार्डावर घेतलेला किराणासुद्धा शेकडा साडेतीननं येतो.

कुणी म्हणेल, "आपण वेळेवर भरू की!" भरूच. पण पहिल्या वर्षी आपल्या पगारावर किती जणांचा डोळा असतो तेही बघा. आपल्यातल्या कितीतरी घरांत दरमहा ठरलेल्या तारखेला पगार आणणारा हा पहिलाच माणूस असतो. सोयाबीनला भाव नाही मिळाला, तुरीला पाऊस नाही मिळाला, की घरून फोन येतो. तो फोन यायलाच पाहिजे, आणि आपण पैसे पाठवायलाच पाहिजेत. म्हणूनच आपल्या पगाराला 'दर महिन्याला बिल पूर्ण भरतोच' अशी हमी देणं अवघड जातं. मुंबईच्या ज्या पोराच्या घरून असा फोन येत नाही, त्याच्यासाठी हेच कार्ड कमी धोक्याचं आहे. कार्ड एकच, पण बाउंडरी कंडिशन वेगळी.

सूट येते कुठून?

थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम इथंही लागू पडतो. सूट आभाळातून पडत नाही, कुणीतरी ती भरत असतं.

एक भाग आपणच फी म्हणून भरतो. दुसरा भाग बिल थकवणारे व्याज म्हणून भरतात. म्हणजे वेळेवर भरणाऱ्याला मिळणाऱ्या सुटीत न भरणाऱ्याच्या व्याजाचाही वाटा असतो. तिसरा भाग दुकानदार भरतो. क्रेडिट कार्ड स्वाइप केलं की हॉटेलवाल्याला साधारण दोन टक्क्यांच्या आसपास रक्कम बँकेला सोडावी लागते. साध्या बँक खात्यातून यूपीआय केलं तर जानेवारी २०२० पासून हा खर्च शून्य आहे. लॉजवाला "क्यूआर मारा की राव" असं का म्हणतो, ते यातून कळतं. हा दोन टक्के खर्च शेवटी खोलीच्या दरात मिसळतो, आणि रोखीनं राहणाराही तो भरतो.

चौथा भाग म्हणजे न वापरलेले पॉइंट. मुदत संपली, पॉइंट गेले. आणि पॉइंटची किंमत कंपनीच्या हातात असते. मॅरियटनं मार्च २०२२ मध्ये मोफत रात्रीसाठी किती पॉइंट लागतील याचा ठरलेला तक्ता मोडीत काढला, आणि दिवसाच्या मागणीप्रमाणे पॉइंट बदलू लागले. आपल्या खात्यातला रुपया कुणी न विचारता नव्वद पैशांचा करत नाही. पॉइंटचा करता येतो, कारण तो पैसा नाही.

हॉटेल बुक करणाऱ्या ॲपचाही या खेळात मोठा हात आहे. भारतीय स्पर्धा आयोगानं १९ ऑक्टोबर २०२२ रोजी मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटी ४८ लाख आणि ओयोला १६८ कोटी ८८ लाख रुपये दंड ठोठावला. मेकमायट्रिप-गोआयबिबोबद्दलचा एक मुद्दा असा होता, की करारातल्या अटीमुळे हॉटेलवाल्याला स्वतःच्या वेबसाइटवर किंवा दुसऱ्या ॲपवर त्यांच्यापेक्षा कमी दर लावता येत नव्हता. म्हणजे दर आधी बांधून ठेवायचा, आणि मग त्याच्यावर कार्डाची 'खास' सूट दाखवायची!

शिवाय स्क्रीनवर 'फक्त २ खोल्या शिल्लक!', 'आत्ता ३७ जण बघत आहेत!' अशी घाई चालूच असते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. खोटी घाई, शेवटच्या पानावर वाढणारी किंमत, न विचारता टोपलीत टाकलेली वस्तू हे सगळं त्या यादीत आहे. पण मनाई झाली म्हणून डोळे मिटून क्लिक करायचं, असं नाही.

आपल्याकडची सूट

आता जरा घराकडं बघू. नांदेड हे काही कमी पाहुण्यांचं गाव नाही. तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनाला देशभरातून आणि परदेशातूनही लोक येतात. ऑक्टोबर २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीची ३०० वर्षं झाली, तेव्हा लाखो भाविकांसाठी शहराचे रस्ते सुधारले आणि यात्री निवास उभे राहिले. त्या यात्री निवासात उतरायला कुणाला गोल्ड नाही की प्लॅटिनम नाही. लंगरमध्ये पंगतीला बसताना तुमचं 'स्टेटस' कुणी विचारत नाही. पंजाबहून ट्रकनं आलेला शेतकरी आणि कॅनडाहून विमानानं आलेला उद्योजक एकाच रांगेत बसतात. निष्ठा ठेवणाऱ्याचं स्वागत कसं करायचं, हे हॉटेल कंपन्यांच्या कितीतरी आधीपासून आपल्या शहराला माहीत आहे. त्यासाठी वार्षिक फी लागत नाही.

लातूरचं चित्र वेगळं आहे. तिथं पाहुणा म्हणजे पालक. लातूर पॅटर्नचं नाव ऐकून जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं येतात, आणि त्यांना सोडायला आई-बाप येतात. ट्यूशन एरियाच्या आसपास लॉज शोधायचा, दोन दिवसांत रूम आणि मेस ठरवायची, आणि परत गाडी धरायची. या माणसाला पॉइंटचा काय उपयोग? तो काउंटरवर उभा राहून एवढंच म्हणतो, "दोन दिवस राहायलाव, पोराच्या ॲडमिशनला आलाव, जरा बघून लावा की." आणि समोरचा बघून लावतो! आपल्याकडची सर्वांत जुनी आणि खात्रीची सूट हीच. ती लगेच बिलात उतरते, तिला मुदत नसते आणि तिच्यावर फी नसते. ॲपवर दिसणाऱ्या दरातून लॉजवाल्याला कमिशन द्यावं लागतं, म्हणून थेट फोन करणाऱ्याला तो पुष्कळदा कमी दरात द्यायला तयार असतो. फक्त विचारायची लाज वाटता कामा नये.

आणि इथंच मला वाटतं खरी गोम आहे. शहरात गेलं की आपल्याला विचारायची लाज वाटायला लागते. काउंटरवर घासाघीस करणं गावठी वाटतं, आणि चकचकीत कार्ड पुढं करणं भारी वाटतं. कार्ड विकणाऱ्याला हे बरोबर माहीत असतं. तो आपल्याला दहा टक्के सूट विकत नाही, तो 'आता मी गावाकडचा राहिलो नाही' ही भावना विकतो. ती भावना मिळवण्यासाठी वर्षाला ३,५४० फी आणि शेकडा साडेतीनची जोखीम घ्यायची का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मला तरी ती महाग वाटते.

दुसरी बाजू

वाद एकतर्फी नको, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. क्रेडिट कार्ड ही वस्तूच वाईट, असं मी म्हणत नाही. देशात २०२४ च्या सुरुवातीलाच १० कोटींच्या वर क्रेडिट कार्डं झाली, ते सगळे काही येडे नाहीत. बिल वेळेवर भरलं तर चांगला सिबिल स्कोअर तयार होतो, आणि पुढे घराच्या कर्जाला तो कामाला येतो. अडीअडचणीला रात्री दोन वाजता दवाखान्यात पैसे भरावे लागले, तर कार्ड उपयोगी पडतं. पण या दोन्ही गोष्टी बिनफीच्या साध्या कार्डानंही होतात. त्यासाठी हॉटेलचं कार्ड लागत नाही.

मग हॉटेलचं कार्ड कुणी घ्यावं? ज्याला कंपनी वर्षाला वीस-पंचवीस रात्री बाहेरगावी पाठवते, आणि हॉटेल निवडायची मोकळीक देते. ज्याच्या बँकेत तीन महिन्यांचा पगार बाजूला पडलाय. आणि ज्यानं मागची बारा बिलं पूर्ण भरली आहेत. या तिन्ही अटी पाळणाऱ्यानं खुशाल घ्यावं, तो फायद्यात राहील. आपल्यातलेच काही जण चार-पाच वर्षांनी तिथं पोचतील. तेव्हा घ्या. कार्ड काही पळून जात नाही, ते तर आपल्याच मागं पळतंय.

एक प्रश्न उरतो, आणि तो मला स्वतःला महत्त्वाचा वाटतो. आई-बाबांना आयुष्यात एकदा तरी चांगल्या हॉटेलात न्यायचं, हे आपल्यातल्या पुष्कळांच्या मनात असतं. ज्यांनी आपल्या फीसाठी स्वतःचं जाणं-येणं कमी केलं, त्यांनी एक रात्र पांढऱ्या चादरीवर झोपावं, यात चूक काहीच नाही. जरूर न्या! पण त्यासाठी कार्ड नको, आरडी काढा. महिन्याला हजार रुपये टाकले तर वर्षाला बारा हजार होतात, वर व्याज बँक आपल्याला देते. त्या पैशानं घेतलेल्या खोलीत आईला "केवढ्याला पडली रे?" असं विचारू द्या. आकडा ऐकून ती ओरडेल, पण दुसऱ्या महिन्यात बिल येणार नाही.

फॉर्मवर सही करण्याआधी

शेवटी, फोन आलाच तर काय विचारायचं ते लिहून ठेवा. फी करासकट किती? पहिल्या वर्षी माफ असेल तर दुसऱ्या वर्षी किती? सूट बिलात की नंतर? एका वेळी जास्तीत जास्त किती रुपये? पॉइंट कधी संपतात? व्याज महिन्याला किती? या सहा प्रश्नांची उत्तरं ईमेलवर मागा. पलीकडचा आवाज बऱ्याचदा तिथंच थंडावतो.

आपले हक्कही माहीत पाहिजेत. रिझर्व्ह बँकेचे नियम सांगतात, की न मागता कुणालाही क्रेडिट कार्ड देता येत नाही. सगळी थकबाकी भरून कार्ड बंद करायला सांगितलं, तर बँकेनं सात कामाच्या दिवसांत ते बंद करायचं. नाही केलं तर उशिराच्या दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. म्हणजे ज्यांनी आधीच घेतलंय त्यांनाही दार उघडं आहे.

मित्रांनो, चार वर्षं आपण डिझाइनच्या पेपरला फॅक्टर ऑफ सेफ्टी लावतो. पूल पडू नये म्हणून लोड वाढवून धरतो, मटेरियलची ताकद कमी धरतो. पहिल्या पगारालाही तोच नियम लावा. खर्च जास्त धरा, सूट कमी धरा, आणि 'एरवी मी काय दिलं असतं?' हा एक प्रश्न पाकिटात ठेवा. तो ठेवायला जागा लागत नाही, आणि त्याची वार्षिक फीसुद्धा नाही.